जरा बाहेर बसता का?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली २७ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. बाळंतपणं, पाळीच्या तक्रारी, पिशवीची ऑपरेशनं, मूल न होणं, हे रोजचं. बायकांच्या लैंगिक आरोग्याबद्दल कॉलेजात जे शिकवलं ते एखाद्या तासात संपलं असेल. बाकीचं तपासणीच्या टेबलाशी उभं राहून, पेशंटच्या तोंडून शिकले. त्यातलं काही इथे लिहिते आहे. कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

१. "अंगावरून जातंय" म्हटलं की लगेच पेन उचलू नये

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिशीच्या आतबाहेरची होती. सोबत सासू. "अंगावरनं लई जातंय मॅडम. कंबर तर धरूनच असतीय. हातापायातलं बळच गेलंय." तपासलं. गर्भाशयाचं मुख स्वच्छ, स्राव पांढुरका, वास नाही, खाज नाही. तरी मी मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक लिहिलं, सोबत लोहाच्या गोळ्या. महिन्याने ती परत आली. दुसऱ्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या खेपेला आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही कोर्स दिला. स्राव तपासणीला पाठवला, काही निघालं नाही.

चौथ्या खेपेला ओपीडीत गर्दी कमी होती. आमच्या सिस्टरना काय वाटलं कोण जाणे, त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, जरा बाहेर बसता का? तुमचं बीपी बघते." दार लागलं. मी सवयीने विचारलं, "झोप लागते का गं?" आणि तिचा बांधच फुटला. दोन मुली झालेल्या. दर महिन्याला पाळी आली की घरात तीन-चार दिवस कोणी तिच्याशी धड बोलत नसे. नवरा रात्री जवळ यायचा तो मुलासाठी. "घाण्याला जुपल्यागत वाटतं मॅडम," ती म्हणाली. आईकडे बोलून बघितलं होतं, आई म्हणाली, "नांदायचं असतं बाई." पण अंगावरून जातंय म्हटल्यावर तीच सासू हातातलं काम टाकून तिला दवाखान्यात आणत होती. त्या घरात आजारपणाला जागा होती, दुःखाला नव्हती.

आमच्या भागात पांढरं जाणं म्हणजे अंगातलं सत्त्व जाणं, हाडं झिजणं, अशी समजूत आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, तार सुटणारा स्राव जातो तो निरोगी शरीराचा असतो, हे कित्येक बायकांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे मन खचलं की लक्ष तिकडे जातं, आणि बोलायला तेवढीच एक गोष्ट हाताशी असते.

पुढे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात केलेली पाहणी वाचनात आली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली होती. जवळपास अडीच हजार बायकांना विचारून, तपासून त्यांनी दाखवलं होतं की पांढऱ्या स्रावाच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य आणि मनाच्या ताणाशी जास्त घट्ट आहे. त्याहून मला लागलं ते दुसरंच. तक्रार करणाऱ्या बायकांना कारण विचारलं तर सगळ्यांत जास्त जणींनी ताण आणि मनाचा त्रास हेच सांगितलं होतं, त्याच्या पाठोपाठ अंगातली उष्णता. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं.

पण लगेच दुसरीही बाजू सांगते, कारण "सगळं मनाचं आहे" म्हणून बाईला वाटेला लावणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली. 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. गडचिरोली आणि गोवा, दोन्ही खरं आहे. म्हणून आधी नीट तपासायचं आणि मग नीट विचारायचं. या दोन्हींतलं एक जरी सोडलं तरी बाई परत येत राहते, किंवा यायचीच थांबते. दुसरं जास्त वाईट.

२. घरात कडी आहे का, हा वैद्यकीय प्रश्न आहे

एक मुलगी, लग्नाला दोन वर्षं. तक्रार एकच, संबंधाच्या वेळी खूप दुखतं, आग होते. तपासणीत जखम नाही, संसर्ग नाही. बोलता बोलता तिने हात पुढे केला आणि दाखवलं. उजव्या हाताने डाव्या मनगटावरच्या बांगड्या कोपराकडे सारल्या, त्यावर पदर दोनदा गुंडाळला आणि टोक मुठीत धरलं. "रोज असं करते. वाजल्या की पलीकडं ऐकू जातं." दोन खोल्यांचं घर. मधल्या भिंतीला दार नव्हतं, नुसता पडदा. पलीकडे सासू-सासरे आणि कॉलेजातला दीर.

शरीर सैल पडायला, योनीमार्गात ओलावा यायला तिकडे रक्तपुरवठा वाढावा लागतो, आणि तो निर्धास्त असल्याशिवाय सहसा नीट वाढत नाही. कान पडद्याकडे असलेल्या बाईचं शरीर धोक्याच्या तयारीत असतं. मग कोरडेपणा, कोरडेपणातून वेदना, आणि दुसऱ्या दिवशी वेदनेच्या भीतीने आणखी कोरडेपणा. या चक्राला मी वंगणाची जेली देऊ शकते, आणि देते. पण त्या मुलीला मी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं आणि त्याच्याशी दाराबद्दल बोलले. तो पंचायतीत कामाला होता, समजूतदार होता. त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. बांगड्यांचं तर त्याला माहीतही नव्हतं. दिवाळीच्या आधी त्याने सुतार बोलावला.

तेव्हापासून केसपेपरवर मी विचारते: घरात खोल्या किती, झोपता कुठे, मुलं कुठे झोपतात.

३. "सहन कर" हे मीही सांगितलेलं आहे

लग्नाला तीन वर्षं झालेलं जोडपं मूल होत नाही म्हणून आलं. फाईल जाडजूड. सोनोग्राफी, हार्मोन्स, वीर्यतपासणी, सगळं दोनदा झालेलं. संबंध होतात का, हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं. होत नव्हते. तिला टेबलावर घेतलं तर माझा हात लागायच्या आधीच गुडघे एकमेकांना चिकटले, टाचा गादीत रुतल्या, वरच्या ओठावर घाम आला. आधी एके ठिकाणी दोघींनी पाय धरून तिला तपासलं होतं. ती ओरडली तर "एवढं नाटक कशाला" असं ऐकवलं होतं.

याला व्हजायनिस्मस म्हणतात. डोळ्यासमोर काही आलं की पापणी आपोआप मिटते, तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतात. बाई ते मुद्दाम करत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात वेदना, वेदनेची भीती आणि हे आवळणं एकाच निदानाखाली आणलं, कारण पेशंटमध्ये ती वेगवेगळी काढता येत नाहीत. उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. तिला मी त्या दिवशी तपासलंच नाही. नवऱ्याला सांगितलं, मी म्हणेन तोवर प्रयत्न पूर्ण बंद. मग श्वासाचा व्यायाम, आरशात स्वतःचं शरीर पाहणं, स्वतःचं बोट, नंतर चढत्या जाडीचे डायलेटर. सगळं तिच्या हातात, तिच्या गतीने. पाच महिने लागले. डेअरीच्या कॅलेंडरवर ती रोज बारीकसा ठिपका काढायची. तो महिन्याचा कागद फाडून घडी घालून मला दाखवायला आणायची.

भीती कुठून आली, हे तिसऱ्या भेटीत कळलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात एका नात्यातल्या बाईने तिला पहिल्या रात्रीच्या रक्ताचं असं वर्णन करून सांगितलं होतं की ती दोन रात्री झोपली नव्हती. लहानपणापासून "पाय जवळ घेऊन बस" आणि एका रात्रीत उलट अपेक्षा. योनीचा पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, पुष्कळ जणींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही, आणि कौमार्य ओळखायची कुठलीही वैद्यकीय तपासणी नाही. तरी २०१८ साली कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींना पहिल्या रात्रीच्या चादरीवर रक्त बघण्याच्या प्रथेविरुद्ध उभं राहावं लागलं, आणि त्यापायी मारही खावा लागला. आम्हा डॉक्टरांच्या न्यायवैद्यक विषयात 'कौमार्याची लक्षणं' हा भाग होता. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने तो २०१९ साली वगळला. तोवर आम्ही सगळे तो पाठ करूनच पास झालो होतो.

सुरुवातीच्या वर्षांत नव्या नवरीला "थोडं सहन करायचं, होते सवय" हे मी स्वतः सांगितलेलं आहे. किती जणींना, ते आठवत नाही. त्या परत आल्या नाहीत, म्हणजे बऱ्या झाल्या असं मी तेव्हा धरून चालले. आज तसं वाटत नाही.

४. शब्द नसले की दुखणंही सांगता येत नाही

"तिथं", "खाली", "लघवीच्या जागी", "पुढच्या अंगाला". माझ्या पेशंट एवढ्यावर भागवतात. दुसरे जे शब्द मराठीत आहेत ते शिव्यांमध्ये अडकलेत, ते बाईच्या तोंडी यायचे नाहीत. शिश्निका (क्लिटोरिस) हा शब्द तर माझ्यासमोर बसलेल्या शिक्षिकांनीही ऐकलेला नसतो. दोष त्यांचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी या अवयवाची आतली पूर्ण रचना नीट मांडली ती १९९८ साली. दिसतो तो भाग टोकाएवढा, बाकीचा हाडाच्या कडेने आत पसरलेला. माझं वैद्यकीय शिक्षण तोवर झालेलं होतं.

याचं मला फार वाईट वाटतं, कारण मराठीत हे बोलायला सुरुवात झाली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ साली मृत्यू होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं स्पष्ट लिहिलं. नोकरी गेली, खटले झाले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली जो खटला चालला त्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. शंभर वर्षं होत आली. माझ्या ओपीडीत अजून "तिथं"च चाललंय.

आता टेबलाशेजारच्या ड्रॉवरमध्ये मी एक छापील चित्र ठेवते. पेनने दाखवते, नाव सांगते, एकदा म्हणायला लावते. पहिल्यांदा हसतात, मग बघतात, मग प्रश्न सुरू होतात.

५. "मला काही वाटतच नाही"

हे वाक्य चाळिशीच्या अलीकडच्या बायका फार अपराधी चेहऱ्याने सांगतात. थायरॉइड, मधुमेह, रक्त कमी असणं, नैराश्यावरच्या काही गोळ्या, अंगावर पाजण्याचे महिने, यांनी इच्छा कमी होते. ते आधी बघायला हवं. ते सगळं नीट निघालं की मी दिवस विचारते. पाचला उठणं, पाणी भरणं, डबे, शेतावर किंवा शाळेत, संध्याकाळी परत चूल, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचं पथ्य, अकराला भांडी. मग खोलीत गेल्यावर तिच्यात एकदम काहीतरी जागं व्हावं अशी अपेक्षा.

कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की अनेक स्त्रियांमध्ये, विशेषतः जुन्या संसारात, इच्छा आधी येतेच असं नाही. जवळीक, बोलणं, स्पर्श, मन सैल होणं आधी होतं आणि इच्छा त्यातून उमलते. हे मी बायकांना सांगते तेव्हा त्यांचे खांदे खाली येताना मला दिसतात. "म्हंजे माझ्यात बिघाड न्हाय?" एकीने विचारलं. नव्हता. तिचा नवरा पाच वर्षांत कामाव्यतिरिक्त तिच्याशी बोललेला नव्हता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ८२ टक्के बायकांनी सांगितलं की मनात नसेल तर नवऱ्याला नाही म्हणता येतं. मीही विचारते. उत्तर येतं, "म्हणता येतं की. पण मग दोन दिवस भांडी आपटतात, पोरांवर राग निघतो. त्यापेक्षा हो म्हटलेलं बरं." हे "हो" त्या ८२ टक्क्यांत बसतं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते बसू नये. कायदाही इथे बाईच्या मागे पुरता उभा नाही. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याने सज्ञान पत्नीवर केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताच्या कायद्यापुरता वैवाहिक बलात्कार मानला, तेवढाच आधार आम्हाला दवाखान्यात उपयोगी पडतो.

६. पिशवी काढा म्हणते तेव्हा ती आणखी काहीतरी सांगत असते

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी २०१९ साली गाजली. सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ घेतलेली उचल फेडायची, खाडा पडला की दंड. पाळी परवडत नाही. आमच्या भागातल्या कारखान्यांवर टोळ्या येतात, त्या बायकांच्या पोटावरचे टाके मी बघितले आहेत. वय विचारलं की पंचवीस-सव्वीस सांगतात. काहींचे बीजकोषही काढलेले, म्हणजे त्या वयात पाळी जाण्याचे सगळे त्रास: अंगाची लाही, झोप उडणं, कोरडेपणा, हाडं ठिसूळ होणं.

पण एकीने जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. ती गावातलीच, पस्तिशीची. काही आजार नसताना पिशवी काढा म्हणून हट्ट धरून बसली होती. का, म्हणून तीनदा विचारलं. शेवटी खाली बघत म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं की मग दोन-तीन महिने तरी जवळ येत नाहीत." मी ऑपरेशन केलं नाही. समुपदेशकाकडे पाठवलं, नवऱ्याला दोनदा निरोप धाडला, तो आला नाही. नंतर तिने दुसरीकडे जाऊन पिशवी काढून घेतली, असं कानावर आलं.

७. नसबंदी

देशात कुटुंबनियोजनासाठी बायकांचं ऑपरेशन ३७.९ टक्के, पुरुषांचं ०.३ टक्के. हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीतले आकडे. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, बिनटाक्याचं, त्याच दिवशी घरी पाठवायचं. दिवस राहण्याच्या धास्तीने किती बायकांची रात्र खराब होते, हे त्यांच्या नवऱ्यांना कोणी सांगत नाही. मी सांगते. २७ वर्षांत माझं ऐकलेले नवरे हाताच्या बोटांवर मोजता येतील.

८. "हा आजार आहे का मॅडम?"

एक्केचाळीस वर्षांची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. बालवाडीत काम करणारी. दारापर्यंत गेली, परत आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मला अजून कधी कधी रात्री तसं वाटतं. हा आजार आहे का?" मी तिला बसवलं. आजार नाही, असं सांगितलं. स्वतःच्या हाताने स्वतःला सुख देण्यात कसलंही पाप नाही, अपाय नाही, हेही सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. तिला हे विचारायला सहा वर्षं लागली होती.

पाळी गेलेल्या बायकांचंही तसंच. "या वयात कसलं आलंय" म्हणून कोरडेपणाचं दुखणं अंगावर काढतात. आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुष्कळ जणींना पुरतं. फक्त कोणीतरी विचारावं लागतं.

९. केसपेपरवरचा एक प्रश्न मी बदलला

"लग्न झालंय का?" या प्रश्नाच्या आडून आम्ही डॉक्टर भलतंच विचारत असतो. एका अविवाहित मुलीने त्याला "नाही" असं खरं उत्तर दिलं आणि नळीत राहिलेला गर्भ माझ्या हातून आणखी एक दिवस निसटला. ती वाचली, ऑपरेशन वेळेत झालं. पण त्या रात्रीनंतर मी सरळ विचारते, संबंध आलेत का, आणि हे घरी कळणार नाही असं आधी सांगते. गर्भपाताच्या कायद्यातही २०२१ साली 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' जाऊन 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं आहे. केसपेपर मागे राहायला नको होता.

१०. सासूबाई

पहिल्या प्रकरणातली ती बाई. तिचं अँटिबायोटिक मी बंद केलं, तिला समुपदेशनाला पाठवलं, नवऱ्याला बसवून सांगितलं की मुलगा की मुलगी हे त्याच्या बीजावर ठरतं. सगळं सुरळीत झालं नाही. पण पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन ती पुन्हा आली नाही. तापासर्दीला आली की हसायची.

दीड वर्षाने ती सासूला घेऊन आली. म्हातारीच्या हातात पिशवी, डोक्यावरून पदर. मी सुनेकडे बघून विचारलं, "काय गं, काय होतंय?" तेव्हा सासूबाईच खुर्ची पुढे ओढून बसल्या. सुनेला म्हणाल्या, "तू जरा भायेर बस." आणि दार लागेपर्यंत थांबल्या.